खाऱ्या पाण्याचे पाहुणे कसे छापले

घरात छापखाना असला का दोन गोष्टी साचतात. एक रद्दी आन् दुसरे किस्से. रद्दी वाण्याले देता येते, तो तिच्यात शेंगदाणे बांधतो. किस्से कोणाले देता? ते घरातच पडून राह्यतात. एकटं बसलं का मंग त्यातला एखादा आठवते. काही आठवले का हसू येते, काही आठवले का तोंड लपवावं वाटते. माह्यं वय होऊन राह्यलं तसं हसायचे कमी आन् तोंड लपवायचे जास्त झाले. म्हणून म्हणलं, सांगून टाकू एकदाचं. खोड्या माह्याच हायेत, दुसऱ्याचं नाव घ्यायचं कामच नाई.

दुसरी मोठी लढाई चालू होती तवाची गोष्ट. आपलं वऱ्हाड तवा नागपूरच्या राज्यात, सीपी बेरार म्हणत त्याले. मेहकरात आमच्या पुढच्या खोलीत दगडी छापखाना होता. दगडी म्हणजे खरंच दगड. पिवळ्या कागदावर चिकट शाईनं चित्र काढायचं, अक्षर लिहायचं, तो कागद दगडावर दाबायचा, आन् मंग त्या दगडावरून छापत बसायचं. लग्नाच्या पत्रिका, लिलावाचे कागद, आन् दर शनवारी आमचा चार पानाचा पेपर.

पेपर काढायचे आमचे मास्तर. म्हणजे माह्ये मालक, घरधनी. शाळेत शिकवायचे म्हणून सारं गाव मास्तर म्हणे, तर मीबी तेच म्हणे. दुसरे कादरचाचा. दगड घासणं, चित्र काढणं, छापणं, सगळं त्याइच्याकडं. उर्दू असं लिहायचे का पाहात राहावं. नागरीचं मात्र एक अक्षर येत नव्हतं. म्हणून तिसरी मी. चौथीत शाळा सुटली, पण अक्षर चांगलं होतं. पेपरातलं सारं नागरी माह्या हातचं.

तर मास्तरले खामगावच्या बाजारात रद्दीत एक इंग्रजी बुक भेटलं. पहिलं पान नाई, शेवटचे वीसेक पानं नाईत. कोणाचं बुक, काय नाव, पत्ता नाई. गोष्ट अशी, का एका ताऱ्यावरचे लोक पितळी हंड्यात बसून आपल्याकडं येतात. त्याइच्या ताऱ्यावरचं खारं पाणी आटलेलं असते, आन् खाऱ्या पाण्याबिगर ते जगत नाईत. मास्तर म्हणले, "खारं पाणी म्हणजे लोणार! हंडा आपल्या तळ्यातच पाडू." नाव ठेवलं 'खाऱ्या पाण्याचे पाहुणे'. सगळी गोष्ट चित्रातून सांगायची. दर शनवारी चार चौकटी.

चाचा तयार झाले. फक्त एक म्हणले.

"मास्तर, गोष्ट खतम होईल तवा खाली माह्यं नाव टाका. नागरीत."

"पहिल्याच शनवारी टाकतो ना चाचा."

"नाई. पहले काम. चाळीस साल झाले, दुसऱ्याचे नावं लिहून राह्यलो. नवरदेवाचं लिहिलं, नवरीचं लिहिलं, मेलेल्याचं लिहिलं. माह्यं नाव कोणीच छापलं नाई. बाजारात माणसानं वाचून म्हणलं पायजे, हे कादरनं काढलं."

हे चाचाचं बोलणं ध्यानात ठेवजा. मी ठेवलं नाई.

*

पहिला हप्ता. चौकटी चाचानं काढल्या, आन् कोणत्या चौकटीत काय लिहायचं ते मले बोटानं दाखवलं. मी 'धप्प', 'अरे बापा' असं लिहिलं. आभाळातून हंडा येतो. हंडा तळ्यात पडतो. पाटील पाह्याले जातो. पाटील चक्कर येऊन पडतो. चार चौकटी, झकास!

शनवारी पेपर गेला. सोमवारी लोणारचे दोघंजण चालत मेहकराले आले. पागोटं सोडलं नाई, पाणी घेतलं नाई.

"मास्तर, आमच्या तळ्यातून हंडा कोणं नेला?"

"नेला कोठी? हंडा तर वरून खाली आला."

"आमाले वाचता येते. पाटील निजलेला हाये. उठून उभा राह्यला. तळ्यातून हंडा निंघाला आन् वर गेला. त्यात काय होतं ते सांगा. पाटलाले इचारलं तर तो म्हणते, मले ठाऊक नाई."

मास्तरनं पेपर हातात घेतला, पाह्यला, आन् खालीच बसले. चाचाचा सारा जल्म उर्दूत गेला. त्याइचा हात उजव्या बाजूनं चालायचा. पहिली चौकट उजवीकडं, शेवटची डावीकडं! आन् मी? मी लिहितानाच ओळखलं होतं. गप बसली. पाहू म्हणलं, काय होते.

मास्तर माणूस मोठा मानी. चूक झाली असं छापायचं त्याइच्या जिवावर आलं. पुढच्या शनवारी त्याइनं छापलं, "गेल्या वेळी वर गेलेला हंडा या वेळी खाली येत आहे."

*

चाचाले लय समजावलं, का डावीकडून काढा. दोन चौकटी नीट यायच्या, तिसरीले हात पुन्हा उजवीकडं पळायचा. कधी गोष्ट इकडून, कधी तिकडून.

डोणगावात एका कापडाच्या दुकानात आमचा पेपर जायचा. दुकानदार डावीकडून वाचे, बाजूचा अत्तारवाला उजवीकडून. एक म्हणे ताऱ्यावरचा राजा मेला. दुसरा म्हणे, मेला कोठी, आत्ताच तर पाळण्यातून उतरला. दोघाइचं इतकं लागलं का आठवडी बाजाराच्या दिवशी दोघं आमच्या दारात.

मास्तर घरात नव्हते. चाचानं दोघाइचंबी ऐकून घेतलं. दगडावरून हात न उचलता म्हणले, "दोनो सही हैं. जिधर से आओगे, वैसा राजा मिलेगा."

त्या दिवसापासून मास्तरनं मले प्रत्येक चौकटीत आकडे टाकाले लावले. एक, दोन, तीन, चार. आता भांडण नाई.

पंधरा दिवसानं डोणगावचं पत्र आलं, दोघाइच्या सहीचं. "कृपा करून आकडे काढावेत. एका पेपरात दोन गोष्टी वाचाले मिळत होत्या."

*

दगडाचं एक असते. त्याले तेल लागलं का संपलं. जिथी तेल, तिथी शाई धरते, आन् छापलं का काळा डाग.

एकदा चाचा दगड घासून, धुवून, उन्हात ठेवून नमाजाले गेले. माह्या सासूबाईचा, आत्याबाई म्हणे मी त्याइले, पाटा त्याच दिवशी टाकी लावाले दिलेला. आत्याबाई पाटा हुडकून राह्यल्या. मी म्हणलं, "आत्याबाई, थो पाहा ना, कसा गुळगुळीत दगड हाये." खरं सांगते, त्या घेतीन असं वाटलं नव्हतं. घेतला. लसूण, तिखट, वरून तेलाची धार. मस्त ठेचा वाटला, दगड पुसून होता तिथी ठेवला. मी काय केलं? मी भाकरीसंग ठेचा खाल्ला.

शनवारी पेपर निंघाला तर आभाळात, बरोबर राजाच्या डोक्यावर, वांग्याएवढा काळा डाग. सारे पेपर छापून झालेले. गावात इचारणा सुरू. वर काय हाये? दुश्मनाचं इमान हाये का? लढाईचे दिवस, लोकाइले वर पाह्याचीच सवय लागलेली.

मास्तरनं डोक्याले हात लावला, आन् पुढच्या हप्त्यात दुसऱ्या ताऱ्याची फौज आणली. त्या फौजेनं गोष्ट चार महिने चालली. पेपर कधी नाई इतका खपला.

इंग्रजी बुकात ती फौज नाई. ती आमच्या आत्याबाईनं वाटलेली. आन् बोलणी कोणं खाल्ली? कादरचाचानं. मास्तर त्याइले म्हणले, "चाचा, दगड नीट धूत जा." चाचानं नाक दगडाजवळ नेलं, माह्याकडं पाह्यलं, आन् म्हणले, "हाव मास्तर, चुकलं माह्यं."

*

राजानं काय बोलायचं ते मास्तर चिठ्ठीवर लिहून द्यायचे, मी चौकटीत उतरवायची. मास्तरचा राजा लय जड बोले. "हे भूलोकीच्या मानवा" असं काहीतरी. मले कंटाळा यायचा.

एकदा मी चिठ्ठी बाजूले ठेवली, आन् राजाच्या तोंडी घातलं, "राणी, माह्या चष्मा कोठी हाये?" चाचाले काय कळते? त्याइनं छापलं. लोकाइले लय आवडलं. पुढच्या शनवारी पुन्हा. फौज दारात आली, राजा म्हणते, "राणी, माह्या चष्मा कोठी हाये?"

तिसऱ्या खेपेले मास्तरनं मले हाक मारली. पेपर हातात, आवाज चढलेला.

"हे वाक्य माझं नाही."

"मंग कोणाचं हाये?"

"तेच इचारतो. राजा असा बोलते का? कोणता माणूस असा बोलते? थांब, मले नीट वाचू दे. माह्या चष्मा कोठी हाये?"

चाचा दगडाकडं तोंड करून खोकत बसले. चष्मा मास्तरच्या कपाळावर होता.

*

आता इथून पुढं हसायचं कमी हाये.

गोष्टीत ताऱ्यावरची राणी यायची होती. चाचानं काढली. मोठे डोळे, नाकात नथ, डोक्यावर मुकुट. आन् समोरचा दात अर्धा तुटलेला.

माह्या समोरचा दात अर्धा तुटलेला हाये. लहानपणी चिंचेवरून पडली होती.

रविवारी मी विहिरीवर गेली तर बाया बाजूले सरल्या. एक म्हणते, "राणीसाहेबाले वाट द्या वं." दुसरी म्हणते, "तुमच्या ताऱ्यावर पाणी कोण शेंदते?" वाण्याच्या पोराइनं मुजरा केला. आठ दिवस मी घराबाहेर पडली नाई. दुसऱ्याच्या खोड्या काढणारी बाई, पण आपल्यावर आलं तर सोसलं नाई.

चाचाले इचारलं, "माह्यं तोंड काऊन काढलं?"

चाचा बिचारे घाबरले. "बेटी, मी पराया बाईकडं नजर टाकून पाह्यत नाई. तू रोज समोर बसून लिहितं. हात आपोआप चालला. बुरा नको मानू. दात मी चांगला करणार होतो, पण मंग ते तोंड खोटं वाटे."

वरून आमचे मास्तर. साऱ्या मेहकरानं वळखलं, या एका माणसानं नाई. चित्र दूर धरून, जवळ धरून पाह्यलं, आन् मलेच म्हणतात, "राणी जमली बरं का. पण असं तोंड चाचाले सुचलं कोठून?"

मास्तरवर राग काढता येत नव्हता. तो मी चाचासाठी ठेवून दिला.

*

मंग शेवटचा हप्ता आला. बुकाचे शेवटचे पानं तर नव्हतेच. मास्तर हिवतापानं पडलेले, दोन घोंगड्या अंगावर आन् दात वाजून राह्यलेले. ते म्हणले, "चाचा, तुम्हीच संपवा."

चाचानं दोन दिवस काही खाल्लं का नाई माहीत नाई. चार चौकटी काढल्या, डावीकडून उजवीकडं, एकबी चूक नाई. पाहुणे हंड्यात खारं पाणी भरतात. पाटलाले हात जोडतात. हंडा वर जाते. शेवटच्या चौकटीत हंडा बारीक ताऱ्याएवढा झालेला, आन् खाली तळ्याच्या काठावर एक म्हातारा हात वर करून उभा. म्हाताऱ्याची दाढी टोकदार, हनुवटीवरच तेवढी. चाचाचीच दाढी. तिले मी मनातल्या मनात कधीपासून एक नाव ठेवलं होतं.

चाचा म्हणले, "बेटी, आता नाव लिही."

मी टाक घेतला. त्या म्हाताऱ्याखाली सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं, "चित्रे : बोकड्या."

"लिहिलं?"

"लिहिलं."

"नीट आलं?"

"एकदम नीट."

चाचानं कागद उजेडाकडं धरला. ओल्या शाईले लागू नये म्हणून बोट वरच्यावर फिरवलं. "यात कादर कोणतं हाये?"

मी 'बोकड्या'वर बोट ठेवलं.

चाचानं त्या शब्दाजवळ डोळे नेले. म्हणले, "छोटासा हाये. मले वाटलं होतं मोठा असेल."

मनात माह्या असं होतं, का उद्या बाजारात कोणी तरी त्याइले वाचून दाखवीन. चाचा शाईचा रूळ घेऊन माह्या मागं धावतीन, मी आत्याबाईच्या मागं लपीन, सारे हसतीन. मंग पुढच्या शनवारी मोठ्या अक्षरात खरं नाव टाकू. पानभर टाकू.

सोमवारी सरकारी हुकूम आला, का लढाईपायी पेपरचा कागद बंद. आमचा पेपर त्याच दिवशी मिटला. पुढचा शनवार आलाच नाई.

*

बाजारात लोकाइनं वाचलं. पहिल्या दुकानात हसले म्हणतात. पण चाचा स्वतः पेपर घेऊन आले, बोट ठेवून दाखवाले लागले, "हे पाहा, कादरनं काढलं." हसणाऱ्याचं हसू तिथीच गेलं. वाणी म्हणला, "हाव चाचा, नाव आलं तुमचं." शिंपी म्हणला, "लय सुरेख आलं." अख्ख्या बाजारानं एकमेकाले न सांगता तेच सांगतलं. इतके लोक खोटं बोलले ते माह्यापायी.

मास्तर उठून बसले, पेपर पाह्यला. रागावतीन वाटलं होतं. रागावले नाईत. आठ दिवस माह्याशी बोलले नाईत, आन् नवव्या दिवशी इतकंच म्हणले, "जाऊन सांग त्यांना."

मी गेली. खरंच गेली. तर चाचानं त्या चार चौकटी कापून, काच लावून, भिंतीवर टांगलेल्या. खाली बसून दगड घासायची वाळू चाळून राह्यले होते. म्हणले, "ये बेटी, पाहा, कुठून बी दिसते." चाचीनं चहा आणला. चहा पिऊन मी घरी आली.

मास्तरले म्हणलं, "सांगतलं."

हेबी खोटं.

सगळे हप्ते बांधून मास्तरनं एक वही केली. तिच्यातल्या शेवटच्या पानावर मी कागदाची पट्टी चिकटवली, खरं नाव लिहून. ती वही आमच्या पेटीत राह्यली. भिंतीवर जे होतं ते भिंतीवर.

दर ईदले मी शिरखुर्मा खायाले त्याइच्या घरी जायची. दरवेळी त्या भिंतीकडं पाठ करून बसायची. चाची म्हणे, "इधर बैठो, हवा हाये." मी म्हणे, इथीच बरं हाये.

*

बरेच वर्ष गेले. मास्तर गेले. चाचाचे डोळे गेले, चाचीबी गेली. पोरं उर्दू शिकलेले, ते कामधंद्याले बाहेरगावी. मोठ्याची पोरगी नूर तेवढी आजाजवळ राह्यली, आन् त्या घरातून पहिल्यांदा मराठी शाळेत गेली.

त्या ईदले मी गेली तर नूर दारातच. दोन वेण्या, हातात नवी पाटी. चाचा खाटेवर बसलेले, हातात तस्बीची माळ. दाढी तशीच टोकदार, फक्त पांढरी झालेली.

"कोण, सरूबेटी? ये. आज तुले एक गंमत दाखवतो. नूर आता मराठी वाचते. दुसरीत हाये."

मी शिरखुर्म्याची वाटी घेऊन भिंतीकडं पाठ फिरवली.

"नूर, बाईले वाचून दाखव, आपल्या भिंतीवर काय लिहिलं हाये."

मी म्हणलं, "राहू द्या ना चाचा, पोरगी लहान हाये."

"नाई नाई. इतके साल मी फक्त ऐकलं. आज घरचं माणूस वाचते. वाच बेटा. जोरानं."

नूर उठली. भिंतीजवळ गेली, पायाच्या बोटावर उभी राह्यली, काचेले नाक लावलं. मी पाठ करूनच बसलेली. तरी मले तिचं बोट एकेका अक्षरावरून सरकताना ऐकू आलं. मंग बोट थांबलं. बाहेर कोणाची तरी ईद मुबारक चालली होती.

मंग पोरगी शाळेत म्हणतात तशी, खणखणीत बोलली.

"चित्रे. शेख कादर. मेहकर."

मी पहिल्यांदा मान वळवली. काचेत तेच 'बोकड्या' होतं, माह्या हातचं, वळणदार. नूर काचेकडं पाह्यतच नव्हती. ती आजाकडं पाहून राह्यली होती.

चाचा म्हणले, "शाबास. सुना सरूबेटी?"

मी म्हणलं, "सुना." वाटी खाली ठेवली, पदर डोळ्याले लावला, पाया पडली आन् निंघाली.

दारात वाकून चपला घालून राह्यली होती. मागून, खाटेच्या बाजूनं, हळूच आवाज आला.

"म्यॅऽऽ."

वळून पाह्यलं तर चाचा डोळे मिटून तस्बी फिरवून राह्यले होते.